आक्कांचा गॉगल आणि गुडघा

"आक्कांचा मोतीबिंदू काढला म्हणे!"

ही बातमी मला डेअरीवर कळली. सकाळचं दूध घालायला रांगेत उभी होते, पुढच्या दोघी कॅन खाली ठेवून कुजबुजत होत्या, आणि विषय होता आमच्या आक्कांचा डोळा. मला आधी रागच आला. आक्का माझी सख्खी शेजारीण. आमच्या दोन परसांच्या मध्ये कमरेएवढं मेंदीचं कुंपण, एवढंच काय ते अंतर. त्यांच्याकडं ठेच्याला मिरच्या भाजल्या की खोकला मला येतो. आणि त्यांचं ऑपरेशन झाल्याचं मला डेअरीवर कळावं?

"पुरावा हाय," म्हणत एकीनं मोबाईल पुढं केला. आक्कांच्या नातवाचं स्टेटस. आक्का खुर्चीत ताठ बसलेल्या, डोक्यावरून पदर, आणि डोळ्यांवर हा एवढा मोठा हिरवट काळा गॉगल. खाली लिहिलेलं, 'आमची हिरोईन'. आता आपल्याकडं साठीच्या पुढच्या बाईनं काळा गॉगल घातला की त्याचा अर्थ एकच. गावानं तो लगेच लावला. माझं दूध मापून होईपर्यंत मोतीबिंदू डाव्या डोळ्याचा ठरला होता, ऑपरेशन नगरला झालं होतं आणि उजव्याची तारीखही पुढच्या महिन्यातली निघाली होती.

घरी आले, कॅन विसळून उपडी घातली आणि थेट कुंपण गाठलं. आक्का पलीकडं कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"आक्का, डोळा कसा आहे?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? सुईत दोरा ववते म्या अजून. तुला ववून देऊ का?"

"मग स्टेटसवरचा तो गॉगल?"

आक्कांनी कपाळावर हात मारला. "मेल्यानं गावभर केलं व्हय ते? अगं, गुडघ्याचं हाय ते. लेझर घेतेय गुडघ्याला."

"गुडघ्याला लेझर आणि गॉगल डोळ्याला?"

"आता ते त्या पोराला इचार. म्हणला, आज्जी, गॉगल घाला. घातला. गुडघ्याला गॉगल घाल म्हणला असता तरी घातला असता. दुखणंच तसलं हाय."

हे दुखणं मला पाठ आहे. आक्कांच्या गुडघ्यांचा इतिहास म्हणजे या भागाचाच इतिहास. बहात्तरच्या दुष्काळात त्या परकर-पोलक्यात होत्या, तेव्हा आईबरोबर रोजगार हमीच्या कामावर उकिडवं बसून खडी फोडली. लग्न होऊन हिवरे बाजारला आल्या तर इथं डोंगर बोडका आणि विहिरीला तळ. पोपटराव १९८९ साली सरपंच झाले, गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री धरली, तेव्हा डोंगरावर सलग समतल चर खणायला जाणाऱ्या बायांमध्ये आक्का होत्या. मग पाणी आलं, गवत आलं, गोठे भरले. गावाचं रोजचं दूध दीडशे लिटरवरून हजारांत गेलं, आणि त्यातली आपल्या वाट्याची धार आक्कांनी दोन्ही वेळा उकिडवं बसूनच काढली. वर दरवर्षी मार्गशीर्ष-पौषात कांद्याची लागण. दिवसभर वाफ्यात गुडघे मोडून मागं मागं सरकायचं. एवढं झाल्यावर गुडघ्यांनी तोंड उघडलं तर त्यांचं काय चुकलं?

उपायही सगळे झाले होते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान गरम करून बांधणं, विटेचा शेक. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी बिब्बा घालायला सांगितलं. तो इतका उतला, की गुडघ्याचं दुखणं परवडलं, कातडीची आग नको, असं झालं. शेवटी लेकानं गाडीवर घालून नगरला नेलं. तिथं दहा बसण्यांचं पॅकेज. पैसे आगाऊ.

"सहा झाल्या, चार ऱ्हायल्या," आक्का म्हणाल्या. "पन खरं सांगू? पहिल्या तीन वेळेला गॉगलबिगल काय नव्हता. गुडघ्याला गार गुळगुळीत काहीतरी चोपडलं, शिंकरलेल्या नाकासारखं, आन् एक गोल दांडकं फिरवत बसला."

इथं आमच्या ओट्यावरून आवाज आला, "आजी, ते लेझर नव्हतंच!"

ही माझी भाची. विळद घाटाला फिजिओथेरपीच्या कॉलेजात साडेचार वर्षांचा कोर्स संपवत आलीय, सध्या इंटर्नशिप चालू आहे. रविवारची मावशीकडं आली होती, आणि चहात खारी बुडवता बुडवता सगळं ऐकत होती. ती कप घेऊन कुंपणाशी आली आणि पोलिसासारखी चौकशी सुरू झाली.

"जेल लावलं होतं?"

"लावलं व्हतं की."

"दांडकं गोल गोल फिरवलं?"

"सारखं. पिठलं ढवळावं तसं."

"चटका, मुंग्या, काही?"

"काय नाय. जरासं कोमट."

"ते अल्ट्रासाऊंड. आवाजाच्या लहरी, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. हवेतून त्या नीट जात नाहीत, म्हणून मध्ये जेल लागतं. आता चौथ्या दिवसाचं सांगा."

"त्या दिवशी मशीन दुसरं. पोरानं आधी गुडघ्याचं तेल पुसून काढलं. मग मला गॉगल, त्यानं सोता बी गॉगल. जाड पेनासारखं टोक एका जागी टेकवलं आन् दाबून धरलं. मिनिटभरानं टूं वाजलं की दुसऱ्या जागी. असं गुडघ्याभोवती सात-आठ ठिकाणी."

"हे लेझर!"

"पन पावतीवर तर पहिल्या दिवसापासनं लेझरच लिहिलंय."

भाचीनं माझ्याकडं पाहिलं, मी आक्कांकडं. आक्का दाण्याच्या सुपाकडं बघत म्हणाल्या, "म्हंजी दुधात पाणी घातलं म्हन की."

"चूक पावती लिहिणाऱ्याचीही असेल," भाची म्हणाली. "लोक सरसकट सगळ्यालाच लेझर म्हणतात. करंटचं मशीन, शेकाचं मशीन, सगळं लेझर. आणि गंमत सांगू मावशी? तुमच्या डेअरीवरच्या बायका मोतीबिंदू लेझरनं काढतात असंच समजत असतील ना? आता फेको म्हणतात त्या पद्धतीनं काढतात, त्यात डोळ्यातलं भिंग बहुतेक ठिकाणी अल्ट्रासाऊंडच्या कंपनांनीच फोडतात. म्हणजे डोळ्याला अल्ट्रासाऊंड, त्याला म्हणायचं लेझर. गुडघ्यालाही अल्ट्रासाऊंड, त्यालाही म्हणायचं लेझर."

"आन् गॉगल?" आक्कांचा मूळ मुद्दा सुटला नव्हता.

"तो खऱ्या लेझरसाठी. या मशीनचा उजेड पुष्कळदा इन्फ्रारेड असतो, दिसतच नाही. दिसणारा झगझगीत उजेड डोळ्यावर आला तर पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्याला ती मिटणार कशी? किरण चुकून डोळ्यात गेला तर पडद्याला इजा. म्हणून पेशंटलाही गॉगल आणि लावणाऱ्यालाही. आणि कुठलाही उन्हाचा गॉगल चालत नाही, त्या त्या किरणाला अडवणाराच लागतो. लेझर म्हणून सांगितलं आणि खोलीत कुणाच्याच डोळ्यावर गॉगल नसेल, तर सरळ विचारायचं, की बाबा, हे नक्की काय लावतोयस?"

एवढ्यात अण्णा आले. आक्कांचे मालक. गावाला पैलवानांची जुनी परंपरा, आणि अण्णा त्यातले उरलेले. कान दुमडलेले, डोकं तुळतुळीत. तांब्या हातात घेऊन ते उभे राहिले.

"उजेडानं दुखणं बरं व्हतं व्हय? मग दिवसभर उन्हातच असतो की आपन. आमच्या टायमाला तालमीतली माती अंगाला लावली, तेलानं रगडून घेतलं की झालं."

"अण्णाआजोबा, ऊन सगळीकडं पसरतं. लेझरचा उजेड एकाच रंगाचा आणि एका रेषेत. पहिलं लेझर अमेरिकेत १९६० साली झालं. मग हंगेरीत, बुडापेस्टला, एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांची पाठ भादरली आणि त्यावर लेझर सोडलं. त्यांना बघायचं होतं, लेझरनं कॅन्सर होतो का. कॅन्सर झाला नाही. उलट ज्या उंदरांवर उजेड टाकला, त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले!"

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना क्षणभर शांतता. मग आक्का हळूच म्हणाल्या, "ऱ्हायलेल्या चार बसण्या ह्यांच्या नावावर करता येत्याल का गं?"

अण्णांनी डोक्यावरनं हात फिरवला आणि तांब्या घेऊन परसाकडं निघून गेले. पण फार लांब गेले नाहीत. विषयात त्यांचा जीव अडकला होता.

मेस्टरांचं लेझर दुबळं होतं, म्हणूनच ते लागू पडलं, हे भाचीनं सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं. ऑपरेशनचं लेझर कापतं, जाळतं. फिजिओथेरपीत जास्त वापरतात ते त्याच्या मानानं अगदीच गरीब, पाचशे मिलिवॅटच्या आतलं. कातडीला ऊबही कळत नाही. शरीराच्या पेशीत अन्न जाळून ताकद तयार करणारी एक चूल असते, मायटोकाँड्रिया. तिथलं एक एन्झाइम लाल आणि इन्फ्रारेड उजेड शोषून घेतं. त्यानं ती चूल जरा नीट पेटते, सूज उतरायला आणि दुखऱ्या भागाची दुरुस्ती व्हायला हातभार लागतो, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसाही थोड्या शांत होतात, असं शास्त्रज्ञ मानतात. लाल उजेड वरवर राहतो, इन्फ्रारेड त्याहून जरा आत उतरतो. दुसरा प्रकार जास्त ताकदीचा. तो ऊब देतो, आणि एकाच जागी धरला तर भाजतोसुद्धा, म्हणून तो हलता ठेवावा लागतो.

"तुमच्या हातावर गोंदण आहे ना, आजी? तिथं हे ताकदीचं लेझर लावायचं म्हटलं तर आधी दाखवायचं. काळी शाई उजेड ओढून घेते, चटका बसतो."

आक्कांनी हातावरची हिरवी पडलेली तुळस न्याहाळली. "आईनं पाच वर्षांची असताना गोंदली. तिला काय ठावं, पुढं असली मशिनी येतील म्हणून."

मी विचारलं, "मग जास्त वेळ लावलं तर जास्त गुण येतो?"

"नाही ना मावशी, तिथंच तर सगळी गोम आहे. तुमच्या ठिबकचंच घ्या. ड्रिपर ताशी चार लिटरचा असला आणि दोन तास चालवला, तर झाडाला पाणी किती?"

"आठ लिटर."

"तसंच हे. मशीनची ताकद गुणिले सेकंद, म्हणजे ज्यूल. शंभर मिलिवॅटचं टोक एका जागी साठ सेकंद धरलं, की सहा ज्यूल. फार कमी दिलं तर काही होत नाही, फार जास्त दिलं तर झालेलं कामही थांबतं. कांद्याला पाणी जास्त झालं की सड लागते ना? गुडघ्याच्या झिजेवर २०१९ साली एक मोठा आढावा निघाला, बावीस चाचण्या, हजाराच्या वर पेशंट. त्यात हेच दिसलं. ठरल्या मापात उजेड दिला तिथं दुखणं कमी झालं, मापाखाली दिला तिथं काही फरक नाही. म्हणून विचारायचं, की टोक किती ताकदीचं आहे, एका जागी किती वेळ धरणार आणि किती जागी. ज्याला माहीत आहे तो चटकन सांगतो."

"मंजे पाण्याचा ताळेबंद," अण्णा मागून म्हणाले.

आमच्या गावात हा शब्द लहान पोरालाही कळतो. पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडला जातो: पाऊस किती मिलिमीटर झाला, जिरला किती, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, उरेल त्यात कुठलं पीक घ्यायचं. आमच्याकडं पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. म्हणून ऊस नाही, केळी नाही, शेतीला बोअर नाही. ज्या गावानं पाणी मापून वापरलं, त्या गावच्या माणसाला उजेड मापून द्यावा लागतो हे पटवायला वेळ लागला नाही.

पण आक्का हिशेबाला पक्क्या. "ते समदं खरं. पन मला सांग, ह्यानं माझा गुडघ्यातला ग्याप भरंल का? डाक्टरनं फोटोत दाखवला. वंगण संपलंय म्हणला."

भाची ओट्याच्या कडेला टेकली. आता ती थट्टा करत नव्हती.

"नाही भरणार, आजी. लेझरनं कूर्चा परत उगवते असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडनं उठून या. लेझर दुखणं कमी करू शकतं, तेही सगळ्यांचं नाही, आणि काही आठवड्यांपुरतं. त्यावरही एकमत नाहीये. तो २०१९ चा आढावा चांगलं म्हणतो, पण इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी नाइस नावाची संस्था आहे, तिनं २०२२ साली सांगितलं, की गुडघ्याच्या झिजेला लेझर, अल्ट्रासाऊंड, करंट यातलं काहीच देऊ नका, पुरावा पुरेसा नाही. व्यायाम द्या, वजन जास्त असेल तर ते उतरवा. मानदुखीवर लेझरचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. आणि सगळ्यात पक्का पुरावा तर गुडघ्याचा नाहीच. कॅन्सरच्या उपचारांत तोंड सोलून निघतं, घास गिळवत नाही, तिथं तज्ज्ञ डॉक्टर लेझर वापरतात, आणि तिथं ते चांगलं लागू पडतं."

"मग मला सहा बसण्यांत बरं वाटलं ते खोटं?"

"खोटं कसं असेल? किती बरं वाटलं?"

आक्कांनी विचार केला. "आधी रात्री कूस बदलली की कळ यायची. आता झोप लागती. जिना उतरताना अजून दुखतं."

"मग छान आहे की! पण त्या पोरानं व्यायाम दिला का?"

"दिला व्हता. कागद दिला. चित्रं व्हती त्यात."

"कुठाय?"

आक्का गप्प. अण्णांनी उत्तर दिलं. "तिखटाच्या डब्याखाली. डबा हालतो म्हनून."

हसू आवरल्यावर भाचीनं आक्कांना ओट्यावर पाय लांब करून बसवलं. जुनं लुगडं गुंडाळून त्याची सुरळी गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, "ही दाबा. गुडघ्यानं खाली, जोरात." आक्कांनी दाबली. मांडीचा स्नायू टणक होताना तिनं आक्कांचाच हात त्यावर ठेवला. "हे बघा, हा जागा झाला. पाच मोजा, सोडा. दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. गुडघ्याला धरून ठेवणारा हा स्नायू आहे. दुखतं म्हणून आपण चालत नाही, चालत नाही म्हणून हा वाळतो, हा वाळला की गुडघ्यावर भार वाढतो, मग आणखी दुखतं. लेझरचं काम एवढंच, की दुखणं थोडं खाली आणायचं, म्हणजे तुम्हाला हा व्यायाम करवेल. लेझर घेतलं आणि व्यायाम केला नाही, तर दोन महिन्यांनी परत तिथंच."

आक्का सुरळी दाबत होत्या, मनात मोजत होत्या. दहा झाल्यावर थांबल्या.

"म्हंजी ते लेझर टँकर हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"टँकर आला की आम्ही हंडे घेऊन पळायचो. त्या दिवशीची तहान भागायची, खोटं कशाला बोलू. पन विहीर काय टँकरनं भरली नाय. विहीर भरली ती आम्ही डोंगरावर चर खांदले तवा. आन् ते खांदताना पहिल्या साली कुणाला पाणी दिसलं नव्हतं बरं का. लोक म्हणायचे, उगं घाम गाळताय. टँकर आला तर हंडा भरून घ्यावा. पन टँकरच्या भरवशावर कांदा लावू नये."

भाचीनं कप खाली ठेवला. साडेचार वर्षांत हे असं आम्हाला कुणी शिकवलं नाही, म्हणाली.

बातमी कुंपण ओलांडून गेलीच. दुपारपर्यंत खालच्या आळीच्या काकू खांदा धरून हजर. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, मला पण लेझर सांग. भाचीनं त्यांना लेझर सांगितलं नाही, आधी रक्तातली साखर तपासली का ते विचारलं. आखडलेला खांदा मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतो. काकूंनी दोन वर्षांत साखर तपासली नव्हती. त्यांना सांगितलं, आधी तपासणी, मग डॉक्टर, मग फिजिओ. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करायची असं ठरवणारं हे गाव. इथं आधी तपासणी म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

जाताना तिनं आम्हाला आणखी चार गोष्टी बजावल्या. कॅन्सरच्या गाठीवर, गरोदर बाईच्या पोटावर आणि डोळ्यांच्या आसपास लेझर नाही. उन्हानं कातडी पोळते अशी काही औषधं असतात, ती चालू असतील तर आधी सांगायचं. दुखण्याबरोबर ताप असेल, पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर मशीनच्या नादी न लागता सरळ डॉक्टरकडं. आणि उपचार करणारा माणूस राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं नोंदलेला आहे का, ते भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर बघायचं. नसेल दिसत तर विचारायचं. विचारायला पैसे पडत नाहीत.

आक्का दुसऱ्या दिवशी नगरला गेल्या, ती पावती घेऊन. काय बोलल्या ते त्यांनी मला शब्दाशब्दानं सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. राहिलेल्या चार बसण्यांमध्ये गॉगल लावूनच लेझर झालं, आणि पहिल्या तीनांच्या बदल्यात त्या पोरानं तीन दिवस समोर उभं राहून व्यायाम करून घेतला, एवढं कळलं. अण्णांच्या डोक्यासाठी काही मिळालं नाही.

आता गोठ्यात एक लाकडी स्टूल आलंय, वीतभरच उंच, सुताराकडून करून घेतलेलं. आक्का त्यावर बसून धार काढतात. तिखटाच्या डब्याखाली आता पुठ्ठ्याचा तुकडा आहे, आणि तो कागद गोठ्याच्या खांबाला खिळ्यानं ठोकलाय. जिना उतरताना अजून दुखतं म्हणतात, पण कठड्याला एकाच हातानं धरतात. आणि डेअरीवर कुणी विचारलंच, तर डावा डोळा आता अगदी छान दिसतोय, असं सांगतात.